दत्तूतात्या आणि तेरा मिनिटांची काहिल

दत्तूतात्यांना न आवडणाऱ्या गोष्टींची मी एकदा खरोखरच यादी केली होती. माझ्याकडे याद्यांच्या वह्या असतात. किराणा, औषधं, ऑफिसातली कामं, आणि मागच्या उरलेल्या पानांवर असलं काहीबाही. साखर. साखरेचा चहा. चहात गूळ घालून 'आरोग्य, आरोग्य' करणारे लोक. पिवळाधमक गूळ, तो पिवळा व्हावा म्हणून पावडर टाकणारे, आणि पिवळा दिसला म्हणून घेणारे. प्लास्टिकची खुर्ची. मोबाइलवर मोठ्यानं बोलणारा माणूस, तसाच हळू बोलणारा. पांडू गुळवे. चौतिसाव्या नोंदीला मी थांबले, कारण ती 'याद्या करणाऱ्या बायका' अशी होती आणि तात्यांनी ती समोर बसून सांगितली होती.

तात्या जाऊन आता दोन पावसाळे झाले. पानं भरलेली वही मी टाकून देते. ही दिली नाही.

तात्या गुळवे होते. गारगोटीच्या रस्त्याला, कोल्हापूरपासून अर्ध्या तासावर त्यांचं गुऱ्हाळ. उसाचा रस ज्या कढईत उकळतो ती काहिल, माणूस हातपाय पसरून झोपेल एवढी रुंद. ती चुलवाणावरून, म्हणजे खालच्या भट्टीवरून, नेमकी कधी उतरवायची, हे सांगणारा तो गुळवे. बाकीची कामं कुणीही शिकतो. उतरायचा क्षण मात्र एकट्याचा. आधी उतरली तर गूळ धरत नाही, उशिरा उतरली तर जळतो, आणि दोन्ही वेळा एखाद्या शेतकऱ्याचा वर्षाचा ऊस त्यात असतो. म्हणून आमच्याकडे ऊस घालण्याआधी शेतकरी गुऱ्हाळ कुणाचं हे विचारत नाही, गुळवे कोण ते विचारतो.

तात्या उकळत्या पाकातून चिमूटभर उचलत, गार पाण्यात सोडत, त्याची गोळी करत आणि काहिलीच्या काठावर मारत. आवाज ऐकत. मग नुसतं 'हं' म्हणत, आणि चार माणसं काहिलीला भिडत. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते फारच बेभरवशाचं वाटलं. पुढच्या खेपेला मी थर्मामीटर घेऊन गेले. लांब दांडीचा, पाकासाठीचा, चांगला महाग.

"ह्ये काय वो वैनी?"

"तापमान बघायला, तात्या. अंदाजानं कशाला करायचं?"

त्यांनी तो उलटा धरून बघितला. "काहिलीला ताप आलाय व्हय?" मग चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या गणपाला हाक मारली. "गणपा, काहिलीच्या कपाळावर पट्टी ठेव रं. वैनी गोळी देत्यात."

मी तरीही पारा लिहून घेतला. पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या बऱ्याच आधी त्यांनी काहिल उतरवली. गूळ घट्ट, वाळूसारखा रवाळ झाला. दुसऱ्या काहिलीला ते आकड्याच्या नंतर थांबले. तोही तसाच. "ऊस येगळा, रान येगळं," एवढंच म्हणाले. थर्मामीटर आता घरी दुधासाठी वापरते.

बढाई ते एकच मारत, पण दर खेपेला मारत. "पस्तीस वर्सात एक काहिल जळली न्हाय." हंगामाच्या पहिल्या काहिलीला जोतिबाचं चांगभलं झालं की लगेच हे वाक्य. आणि त्याच्या पाठोपाठ पांडूचा उद्धार. पांडू म्हणजे दोन गावं पलीकडचा गुळवे. जळेल या भीतीनं तो काहिल नेहमी थोडी आधी उतरवायचा. "पांडूचा गूळ चमच्यानं खायाचा आसतोय. वाटीत घ्या, न्हायतर पळून जाईल."

असा हा माणूस आमच्या चित्रपट मंडळात कसा आला, याचं उत्तर सोपं आहे. तो एसटीमुळे आला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते कोल्हापुरात गूळ पोचवायला यायचे, परतीची गाडी साडेसहाची होती आणि आमचा खेळ चारला. मंडळाची चिटणीस मी. आमच्या घरी गूळ टाकून झाल्यावर त्यांना मीच एकदा म्हटलं, तात्या, हॉलला पंखे आहेत, येऊन बसा. ते शेवटच्या रांगेत दाराजवळ बसायला लागले. चपला खुर्चीखाली, पिशवी मांडीवर, खुर्चीला एक शिवी.

आमच्या मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं आणि ते मी चांगलं सांगू शकणार नाही. चाळीसेक सभासद. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, ज्यांना कुठलीही फिल्म आवडली नाही असं मी कधी ऐकलं नाही, आणि कुठलीही समजली असंही नाही. त्यांच्या बाजूला एक दातांचे डॉक्टर, जे प्रत्येक फिल्म दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या फिल्मसारखी आहे असं म्हणायचे. खेळ संपला की मी प्रतिक्रियेच्या चिठ्ठ्या वाटायची. नाव, धंदा, फिल्म आवडली का, सूचना. लोक भरून द्यायचे, मी मोठ्यानं वाचायची, चर्चा व्हायची, चहा व्हायचा.

तात्यांनी एकही चिठ्ठी कधी भरली नाही. कोरीच परत. "आवडली का न्हाय सांगाय आमी काय पोरगी बघाय आलोय?" पण तोंडी शेरा असायचाच. एका फिल्ममध्ये एक माणूस पाऊण तास माळावरून चालत होता. संपल्यावर अध्यक्ष 'मानवी एकाकीपण' म्हणाले, डॉक्टरांनी पोलंड काढलं. मागून आवाज आला, "त्येला यष्टी घावली न्हाय, एवडंच हाय की."

मला सांगायला हरकत नाही, त्या महिन्याच्या चर्चेत टिपून ठेवण्यासारखं वाक्य ते एकच होतं.

तर, तात्या गेले त्या वर्षी जानेवारीत पुण्याहून ऋचा नावाच्या एक दिग्दर्शिका आल्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना एक छोटी प्रायोगिक फिल्म करायची होती. फक्त उकळणारी काहिल. माणूस नाही, बोलणं नाही, कॅमेरा हलणार नाही. अध्यक्षांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, मी तात्यांकडे. सतरा कामांची यादी केली, त्यातली सोळा पुरी करून दिली आणि शूटिंगच्या दिवशी सकाळीच तात्यांची ओळख करून देऊन ऑफिसला निघून आले. सतरावं काम दुपारी तिथे थांबायचं होतं. ऑफिसात तपासणी होती.

निघताना तात्यांचं सुरू झालं होतं. "पावणं, ह्यात बघायजोगं काय हाय? रस उकळतोय. तुमच्या घरात च्या उकळत न्हाय काय?"

ऋचाताई हसल्या. "चहा उतू जातो हो तात्या. त्याच्याकडे कोण बघतं?"

एप्रिलमध्ये फिल्म आमच्याकडे दाखवायला आली. नाव इंग्रजीत होतं. मराठीत नुसतं 'काहिल' म्हटलं असतं तरी कुणी अडवलं नसतं. तेरा मिनिटांची. हॉल भरलेला, तात्या नेहमीच्या जागी, पण चिरंजिवाच्या लग्नात घालतात तसला पांढरा सदरा घालून.

पडद्यावर नुसता पाक. आधी हिरवट, मळीनं भरलेला, मग सोनेरी. बुडबुडे येतात, फुटतात. पाच मिनिटांनी दोन माणसं उठून गेली. सातव्या मिनिटाला डॉक्टरांनी मान तिरकी केली, म्हणजे त्यांना देश सापडला होता. पाक तांबूस होत गेला, बुडबुडे जड झाले, सावकाश फुटायला लागले. आणि नवव्या मिनिटाला मागून अशी आरोळी आली की माझ्या हातातल्या चिठ्ठ्या पडल्या.

"उतरा की रं! उतरा! आरं बघताय काय, उतरा!"

तात्या उभे होते. लोक हसले. ते बसले नाहीत. पुढची चार मिनिटं पडद्यावरचा पाक तपकिरी झाला, काळसर झाला, कडेनं धूर धरला, आणि तात्या तसेच उभे. मग पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत नावं आली. दुसऱ्या क्रमांकाचं नाव होतं, 'गुळवे : दत्तात्रय रामा चौगले'. टाळ्या.

अध्यक्ष उठले. "मित्रहो, आत्ता आपण जी हाक ऐकली, तीही या चित्रपटाचाच भाग समजा. प्रेक्षक आणि पडदा यांतली भिंत आज कोसळली!"

डॉक्टर खिशातून मोबाइल काढत मागे गेले. "तात्या, परत एकदा तसंच ओरडाल का? रेकॉर्ड करतो."

"तुमी दात उपटताना पेशंट बोंबललं तर त्येला परत बोंबल म्हणता काय?"

मी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि वाचायला लागले. त्या अजून माझ्या फायलीत आहेत. 'पृथ्वीच्या गर्भाशयात शिरल्याची अनुभूती.' 'भांडवलशाही उकळते आहे, स्फोट अटळ.' 'माझी आजी आठवली. ती गुळाची नव्हती, पण आठवली.' 'तिसरा पंखा बंद आहे.' 'असलंच आमच्या टीव्हीवर तो बंद असताना दिसतं.' 'काळ म्हणजे काय हे आज कळलं', ही अध्यक्षांची. 'सदर गूळ कुठे मिळेल?' प्रत्येक गर्भाशयाला टाळ्या पडत होत्या. मी यंत्रासारखी वाचत होते, आणि त्याच ओघात पुढची चिठ्ठी वाचली. ती एका गुळाच्या अडत्याची होती, भाच्याबरोबर सहज आलेला.

'शेवटी पाक जळाला आहे. गुळवे कोण ते वाचलं. आश्चर्य वाटलं.'

वाक्य संपल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते. हॉलमध्ये कुणालाच कळलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "वा, जळणं! हाही एक पैलू." मी मागे बघितलं. तात्या चपला हातात घेऊन दाराबाहेर पडत होते.

सोमवारी सकाळी ते घरी आले. चहा नको म्हणाले. शिव्याही दिल्या नाहीत, खुर्ची प्लास्टिकची असून.

"वैनी, पत्र लिवा. त्या बाईस्नी सांगा, नाव काडा."

मी लगेच कागद घेतला. मला राग आला होता, आणि रागात मी चांगली लिहिते. 'आपण दृश्याच्या हव्यासापोटी एका कुशल कारागिराला काहिल उतरवू दिली नाही, त्याच्या पस्तीस वर्षांच्या लौकिकाला...' एवढं वाचून दाखवलं.

"तसं न्हाय."

"मग कसं? त्यांनीच थांबवलं असणार ना तुम्हाला?"

"बाईनं काय थांबवलं न्हाय. बाईला काय कळतंय जळली का पिकली." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "त्या कॅमेऱ्याला एक वीतभर पडदा हुता. उन्हानं दिसत न्हाय म्हणून काळी टोपडी घातल्याली. बाई म्हणाली, तात्या, हितनं बघा की जरा. म्हटलं बघू तर, काय येवडं बघत्यात. घातलं डोस्कं आत."

"आणि?"

"आणि काय. बघत बसलो."

"किती वेळ?"

"मला काय म्हाईत! घड्याळ बघितलं आसतं तर काहिल न्हाय का बघितली आसती?" मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. "पस्तीस वर्सं म्या काहिलीत बघतोय ते उतरायसाटी. डोळा लावला की हात तयार. त्या टोपडीत हाताला कामच न्हवतं वो वैनी. नुसतं बघायचं. रंग असा फिरत गेला... गणपा वरडाय लागला, तात्या, वास, वास! म्या म्हटलं, गप की रं जरा."

"ऊस कुणाचा होता?"

"माजाच. त्येवडी जोतिबाची किरपा." ते उठले. "पण म्हणून काय? नाव तर माजंच लिवलंय तितं. पुढच्या सालाला ऊस घालताना लोक ह्येच बोलणार. लिवा, नाव काडा."

मी पहिला कागद फाडला आणि दोन ओळींचं पत्र लिहिलं. ऋचाताईंचा फोन आला. काहिल जळली होती हे त्यांना आत्ता कळत होतं. खूप वाईट वाटलं त्यांना. नाव काढते म्हणाल्या, आणि चार दिवसांत काढलं.

मे महिन्यात हीच फिल्म गारगोटीला दाखवायचं अध्यक्षांनी कधीच कबूल करून ठेवलं होतं. तिथल्या शाळेचा हॉल, दुपारची वेळ. बाजाराला आलेले शेतकरी, काही शिक्षक, बायका. तात्या माझ्या आधीच येऊन शेवटच्या रांगेत बसले होते.

"तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हाचं?"

"नाव गेलंय का बघाय. तुमचा काय भरवसा?"

अध्यक्षांनी आधी वीस मिनिटं भाषण केलं, फिल्मपेक्षा सात मिनिटं जास्त. मग खेळ. आणि इथे काय झालं ते मी कोल्हापूरच्या सगळ्या गर्भाशयवाल्यांना दाखवायला हवं होतं. पहिल्या मिनिटापासून हॉल बोलत होता. मळी नीट काढलीय. मळी वर आणायला भेंडीचं पाणी बरं पडलंय. जाळ जरा जास्त होतोय. आठव्या मिनिटाला लोक पुढे सरकून बसले. नवव्या मिनिटाला अर्धा हॉल एकदम ओरडला, "उतरा!" फक्त शेवटच्या रांगेतून आवाज आला नाही.

काळा पडदा. नावं आली. गुळव्याचं नव्हतं. तात्यांचे खांदे सैल झाले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"कुणाचं रं गुऱ्हाळ ह्ये?" पुढून एकानं विचारलं.

"नाव न्हाय घातलं."

"कशाला घालंल? जाळून ठेवलीय."

"पांडूचं आसणार," एक पागोटेवाले म्हणाले. "काहिलीचा काठ तसाच दिसतोय."

"पांडूच की. दुसरा कोण जाळतोय?"

"बरं झालं कळलं. औंदा त्येच्याकडं ऊस घालाय नगं."

हे सगळं मिनिटभरात झालं. पांडू तिथे नव्हता. मी चिठ्ठ्या हातात घेऊन उभी होते आणि बोलावं की नाही ते मला ठरवता येईना, कारण नाव काढायचं पत्र माझ्याच हातचं होतं.

"ओ पावणं." मागची खुर्ची करकरली. "पांडूचं न्हाय ते."

सगळे वळले. तात्यांना तिथे बहुतेक जण ओळखत होते.

"पांडूचा हात आसता तर सातव्या मिंटालाच उतरली आसती, कच्ची. भ्यालेल्या माणसाच्या हातनं काहिल कवा जळत न्हाय. त्येला तेवडं जमत न्हाय." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ती माजी हाय. दत्तू गुळव्याची."

"तात्या, थट्टा करताय व्हय?"

"म्या कवा थट्टा केल्ती?"

"आन मग जळली कशी वो तुमच्या हातनं?"

"बघत बसलो."

"काय बघत बसलासा?"

"आता तुमी समदी बघत बसल्यासा न्हवं का? तेच."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पागोटेवाले हसले नाहीत. ते तात्यांकडे बघत राहिले, आणि त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांचा ऊस तात्यांच्या काहिलीत जायचा. अध्यक्ष माइककडे सरकले. "हे अतिशय सुंदर..."

"मास्तर," तात्या म्हणाले, "गप बसा."

मी चिठ्ठ्या वाटल्या. सवयीनं तात्यांनाही एक दिली. गोळा करताना बघितलं तर त्यांची खुर्ची रिकामी.

स्टँडवर ते कोल्हापूरच्या गाडीत खिडकीशी बसलेले दिसले. आमची जीप अध्यक्षांच्या चहासाठी थांबली होती, म्हणून मी पायीच पुढे गेले होते. काय बोलावं ते ठरवून गेले होते, तीन मुद्दे होते. गाडी सुरू झाली. तात्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हातात चिठ्ठी, चार घड्या घातलेली.

"घ्या. तुमच्या वहीत एक कमी पडाय नगं. न्हायतर झोप लागायची न्हाय तुमास्नी." आणि वर, "त्या मास्तराला सांगा, भाषाण जळालं त्येचं. येळंवर उतरत जा म्हणावं."

त्यांना बघितलं ते शेवटचं. गाडी वळली तरी हात खिडकीबाहेरच होता. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आतच ते गेले, त्यामुळे कुणी ऊस घातला असता आणि कुणी नसता, हे कळायचं राहूनच गेलं.

चिठ्ठी मी तिथेच उघडली. सूचना मी आधी बघते, काम तिथेच असतं. 'खुर्च्या लाकडी ठेवा.' वर नाव पूर्ण लिहिलेलं, मोठ्या अक्षरात. धंदा, गुळवे. आणि मधल्या ओळीत, जिथे 'फिल्म आवडली का' असं विचारलेलं असतं तिथे, पेन दाबून लिहिलं होतं :

'आवडली म्हणून तर जळली.'